रकाना सोडला म्हणजे भरून झाला, असं नाही: पुण्यातल्या एका वसतिगृहाच्या ऑनलाइन अर्जाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुला-मुलींसाठी वसतिगृह चालवणारी एक विश्वस्त संस्था आहे. तिचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडून अर्जांचा ओघ सुरू होतो. पूर्वी हे सगळं कागदावर चालायचं. मग संस्थेने कोथरूडमधल्या एका छोट्या कंपनीकडून ऑनलाइन अर्ज करून घेतला: वैयक्तिक माहिती, गाव-तालुका, पालकांचं उत्पन्न, आधार, बँक खातं आणि शेवटी कागदपत्रं.

कागदी अर्जांचा कार्यालयाला एकच मोठा त्रास होता. आयएफएससी कोडमध्ये एखादं अक्षर कमी, खातं क्रमांक अर्धवट, पिनकोडच्या जागी तालुक्याचं नाव. छाननी करणाऱ्या सरांनी कंपनीला स्पष्ट सांगितलं होतं, "अर्ज आमच्याकडे आल्यावर चूक कळून उपयोग नाही. रकान्यावरच अडवा." मागणी रास्त होती. कंपनीने ती अक्षरशः पाळली. कर्सर एखाद्या रकान्यातून बाहेर पडला की ब्राउझर 'ब्लर' नावाचा इव्हेंट देतो. प्रत्येक रकान्याच्या ब्लरवर तपासणी, मसुदा जतन करणं आणि काही ठिकाणी अडवणूकही, असं सगळं टांगलं गेलं.

पहिल्याच हंगामात तक्रारी सुरू झाल्या आणि कंपनीने मला पाहायला बोलावलं. माझं काम वेबवरच्या अर्जांचंच असतं. या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यातली प्रत्येक चूक चांगल्या हेतूने झालेली आहे आणि अशीच रचना मला सतत दिसते.

अडचण

कार्यालयातल्या मॅडम फोनवर मदत करायच्या. त्यांच्या वहीत तक्रारी मुलांच्याच शब्दांत लिहिलेल्या होत्या. ती वही मला कुठल्याही तांत्रिक अहवालापेक्षा उपयोगी पडली.

"मॅडम, पुढे जा दाबलं तरी काहीच होत नाही."

"खातं नंबर टाकला की नुसतं ओके ओके येतंय, बाहेरच पडता येत नाही."

"आधार बघायला फोटोत गेलो, परत आलो तर सगळं लाल."

"गावाचं नाव यादीत दिसतं, पण बोट लावलं की यादीच जाते."

"लिहिलेलं आपोआप पुसलं जातं."

पहिल्या तक्रारीला मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं: "बाळा, परत एकदा दाबून बघ." आणि दुसऱ्यांदा दाबलं की खरंच पुढे जायचं! त्यामुळे ती तक्रार 'नेट स्लो असेल' या खात्यात जमा व्हायची. कंपनीतल्या मुलांनी आपल्या मशीनवर कितीदा तरी करून पाहिलं, त्यांना एकदाही अडचण आली नाही.

शोध

'दोनदा दाबावं लागतं' याचा उलगडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो जरा जवळून सांगतो.

माउसने बटण दाबणं ही आपल्या लेखी एक कृती असते. ब्राउझरच्या लेखी त्या तीन घटना असतात: माउसडाउन (दाबणं), माउसअप (सोडणं) आणि मग क्लिक. बटण खाली दाबलं जातं त्याच क्षणी फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे उमटणार ती जागा, आधीच्या रकान्यातून निघतो. म्हणजे ब्लर हा माउसडाउन आणि माउसअप यांच्या मध्ये येऊन बसतो. बोट अजून उचललेलंही नसतं.

या अर्जात बँक खात्याच्या पानावर शेवटचा रकाना आयएफएससीचा आणि त्याच्या लगेच खाली 'पुढे जा'. समजा विद्यार्थ्याने अकराऐवजी दहाच अक्षरं लिहिली आणि थेट बटण दाबलं. माउसडाउन झाला, ब्लर आला, तपासणी झाली आणि रकान्याखाली लाल ओळ उमटली. त्या ओळीला २४ पिक्सेल उंची लागत होती, तेवढं बटण खाली सरकलं. आता बोट उचललं तेव्हा माउसच्या खाली बटण नव्हतंच. माउसडाउन एका घटकावर आणि माउसअप दुसऱ्यावर झाला तर क्लिक त्या दोघांना सामावणाऱ्या बाहेरच्या घटकाला मिळतो. बटणाला काहीच कळत नाही.

इथपर्यंत ठीक, कारण अर्जात चूक होतीच. पण उलटा प्रकार जास्त क्लेशदायक होता. विद्यार्थ्याने लाल ओळ वाचली, कोड दुरुस्त केला आणि पुन्हा बटण दाबलं. ब्लर आला, तपासणी पास झाली, लाल ओळ गायब झाली आणि बटण २४ पिक्सेल वर सरकलं. माउसअप परत रिकाम्या जागेत. ज्याने चूक सुधारली त्याचाच क्लिक वाया गेला, तोही कुठलाही संदेश न देता.

बटणाची उंची होती ४० पिक्सेल. बटण वर सरकलं तर खालच्या २४ पिक्सेलवर केलेला क्लिक हुकायचा, वरच्या १६ वर केलेला लागायचा. म्हणून कधी चालायचं, कधी नाही. कंपनीतली मुलं चाचणी करताना सगळी माहिती बरोबर भरायची आणि कीबोर्डवरची टॅब कळ दाबून बटणावर जायची. लाल ओळ येण्या-जाण्याचा प्रसंगच नाही, तर बटण हलणार कसं? मॅडमच्या वहीत फोन करणाऱ्यांनी 'कॅफेतून भरतोय' असं सांगितल्याच्या नोंदी होत्या. त्या बघून मी नारायण पेठेतल्या एका नेट कॅफेत जाऊन बसलो. तिथे मुलं चुका करत होती, दुरुस्त करत होती आणि माउसने बटण दाबत होती. थोड्याच वेळात प्रकार डोळ्यांसमोर घडला.

'ओके ओके'चा फेरा वेगळ्या कारणाने होता. 'खाते क्रमांक' आणि 'खाते क्रमांक पुन्हा लिहा' असे दोन रकाने होते. दोन्हींच्या ब्लरवर एकच काम: दोन्ही जुळतात का पाहा, नसतील तर अलर्ट (ओके दाबल्याशिवाय न जाणारी सूचनेची चौकट) दाखवा आणि कर्सर परत त्याच रकान्यात न्या. पहिला भरून दुसऱ्यात गेलं की पहिल्याचा ब्लर. दुसरा अजून रिकामा, म्हणजे जुळत नाही. अलर्ट. कर्सर जबरदस्तीने पहिल्यात. त्यामुळे आता दुसऱ्याचा फोकस गेला, म्हणून त्याचाही ब्लर. पुन्हा अलर्ट. फोनवर हे सुरू झालं की टॅब बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

'फोटोत गेलो आणि परत आलो तर लाल' याचं मूळ समजुतीत होतं. रकाना अर्धा भरून विद्यार्थी दुसऱ्या ॲपमध्ये गेला की ब्राउझरच्या खिडकीचा फोकस जातो आणि रकान्यालाही ब्लर मिळतो. अर्जाला वाटतं, भरून झालं. बँकेत स्लिप भरताना पेन खाली ठेवून पासबुक उघडावं आणि तेवढ्यात खिडकीतल्या माणसाने 'चुकलंय' म्हणावं, तसं हे. आणि इथे तर पाहून लिहिण्याखेरीज दुसरा मार्गच नाही. आधार, खातं क्रमांक, आयएफएससी कोणाला पाठ असतात?

उलटही खरं आहे. अँड्रॉइडवर मागे जायचं बटण दाबून कीबोर्ड मिटवला तरी फोकस रकान्यातच राहतो, ब्लर येत नाही. माणसाच्या दृष्टीने भरून झालेलं असतं, अर्जाला पत्ता नसतो. थोडक्यात, ब्लर फक्त एवढंच सांगतो की कर्सर इथून गेला. का गेला आणि परत येणार का, हे त्यात नसतं.

गावाच्या यादीचं कारण यातूनच निघतं. 'पिंपळगाव' लिहिलं की वेगवेगळ्या तालुक्यांतली पिंपळगावं खाली दिसायची, कारण महाराष्ट्रात या नावाची गावं पुष्कळ आहेत. त्यातलं आपलं गाव निवडायला जावं तर रकान्याचा ब्लर आधी यायचा, ब्लरवर यादी बंद व्हायची आणि क्लिक पोचायला यादीच शिल्लक नसायची.

आणि 'लिहिलेलं पुसलं जातं': प्रत्येक ब्लरला मसुदा सर्व्हरवर जात होता आणि सर्व्हरचं उत्तर आलं की पडद्यावरचे सगळे रकाने त्या उत्तराप्रमाणे पुन्हा भरले जात होते. नेट मंद असलं की आधीच्या रकान्याचं उत्तर उशिरा यायचं आणि तोवर पुढच्या रकान्यात लिहिलेलं त्याखाली गाडलं जायचं.

विचारात घेतलेले पर्याय

कंपनीची पहिली सूचना होती ब्लरनंतरची तपासणी २०० मिलिसेकंदांनी पुढे ढकलायची. हा उपाय इतका प्रचलित आहे की अनेकांना तोच योग्य वाटतो. मी ठाम विरोध केला. जलद क्लिक करणाऱ्याला तो पुरतो. माउसची सवय नसलेली मुलगी बटण सावकाश दाबते, २०० मिलिसेकंद तेवढ्यात निघून जातात. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनाच न पुरणारा उपाय कशाला घ्यायचा?

दुसरा पर्याय, ब्लरवरची तपासणी पूर्णच काढून सगळं 'पुढे जा'वर तपासायचं. सर्वांत सोपं आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सुरक्षित. सरांना मात्र ते पटेना आणि त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. आयएफएससी लिहिताना पासबुक हातात असतं, चूक तेव्हाच कळली तर लगेच सुधारता येते. पान संपल्यावर पाच चुका एकदम समोर आल्या की मुलं गोंधळतात.

तिसरा, बटणाच्या माउसडाउनवर ब्राउझरची मूळ कृती रोखायची. मग फोकस हलतच नाही, ब्लर येत नाही, बटणही हलत नाही. गावाच्या यादीसाठी हा उत्तम उपाय होता. मुख्य बटणासाठी नको वाटला, कारण ब्लरवर अवलंबून असलेलं बाकीचं काम मग गुपचूप राहून जातं आणि पुढच्या वर्षी दुसराच कोणी कोड बघत बसतो.

चौथा, फोकस कुठे चालला आहे ते पाहून ठरवायचं. ब्लरसोबत 'रिलेटेडटार्गेट' मिळतो: फोकस ज्या घटकाकडे जातोय तो. तो 'पुढे जा' असेल तर ब्लरवर काही दाखवायचं नाही, बटण स्वतः तपासणी करेलच. यातली खोच अशी की मॅकवरच्या सफारीत बटणावर क्लिक केल्याने बटणाला फोकस मिळत नाही, त्यामुळे तिथे रिलेटेडटार्गेट रिकामा येतो. फक्त यावर विसंबता येणार नव्हतं.

बैठकीत सर म्हणाले, "मला कर्सर-बिर्सर कळत नाही. चूक लगेच दिसली पाहिजे आणि पोरांना त्रास नको. दोन्ही होतं का सांगा." सगळे पर्याय याच एका वाक्यावर घासून पाहिले.

काय केलं

आधी 'अडवणं' आणि 'दाखवणं' वेगळं केलं. अलर्ट आणि जबरदस्तीने कर्सर परत नेणं संपूर्ण अर्जातून काढून टाकलं. रकान्यातून बाहेर पडायला कोणाचीही आडकाठी नाही. अडवायचं फक्त 'पुढे जा'वर, आणि तिथे चूक असेल तर कर्सर पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्यायचा.

दाखवण्याचे नियम असे ठरले. रिकामा आणि हात न लावलेला रकाना सोडला तर काहीच म्हणायचं नाही. काही लिहून रकाना सोडला आणि ते चूक असेल तर लाल ओळ. एकदा लाल ओळ आली की मात्र ब्लरची वाट पाहायची नाही: लिहिता लिहिता ज्या अक्षराला उत्तर बरोबर होतं त्याच अक्षराला ओळ जाते. यामुळे ओळ नाहीशी होण्याचा क्षण बटण दाबण्याच्या क्षणापासून वेगळा झाला आणि तो क्लेशदायक प्रकार मुळातच संपला.

ओळ उमटण्याच्या बाजूला दोन उपाय एकत्र वापरले. फोकस 'पुढे जा'कडे जात असेल तर ब्लरवर गप्प राहायचं. आणि जिथे ते कळत नाही तिथे बटण हलूच नये म्हणून लाल ओळीची जागा आधीपासून राखून ठेवायची. या राखीव जागेवर बराच वेळ गेला. इंग्रजी संदेश एका ओळीत बसतो, मराठी संदेश ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन ओळींत जातो आणि वेलांटी-उकारांमुळे ओळींना जास्त उंची लागते. शेवटी आम्ही संदेशच छोटे केले. 'कृपया वैध आयएफएससी संकेतांक प्रविष्ट करा' याऐवजी 'कोड ११ अक्षरांचा असतो, पाचवं शून्य'. वाचणाऱ्यालाही हेच कळतं. पाचव्या जागी शून्याऐवजी ओ हे अक्षर टाकणारी मुलं बरीच होती.

दुसऱ्या ॲपमध्ये जाण्यासाठी छोटी तपासणी घातली. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना, ब्लरच्या क्षणी पानाचा सक्रिय घटक बदललेला असतो. खिडकीच बदलली तर पान त्या रकान्यालाच सक्रिय धरून ठेवतं. म्हणून ब्लर आल्यावर रकाना अजून सक्रिय असेल तर तो मुलगा परत येणार आहे असं समजायचं आणि काही बोलायचं नाही.

एक काम मात्र आम्ही मुद्दाम ब्लरवर ठेवलं: साफसफाई. मराठी कीबोर्डवरून उत्पन्न '८५०००' असं देवनागरीत लिहिलं जातं. जावास्क्रिप्टमधल्या नेहमीच्या अंक-तपासणीला फक्त इंग्रजी आकडे कळतात आणि ती हे चूक ठरवत होती. मराठी माणसाने मराठी आकडे लिहिले म्हणून लाल ओळ दाखवणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. आता रकाना सोडताना आधी आकडे बदलले जातात, मोकळ्या जागा काढल्या जातात, आयएफएससीची अक्षरं मोठी होतात, आणि मग तपासणी. आधारच्या रकान्यावरची १२ अक्षरांची मर्यादाही उठवली. चार-चारच्या गटांत लिहिलेला क्रमांक चिकटवला तर मोकळ्या जागांसकट १४ अक्षरं होतात, मर्यादा शेवटचे दोन अंक कापायची आणि मग अर्ज म्हणायचा की आधार चुकीचा आहे.

मसुदा जतन करणं ब्लरवरून काढलं. आता लिहिणं थोडं थांबलं की आणि पान नजरेआड गेलं की मसुदा जातो. प्रत्येक मसुद्याला चढता क्रमांक आहे, सर्व्हर जुना क्रमांक नाकारतो आणि उत्तर आलं तरी पडद्यावरच्या रकान्यांना हात लावला जात नाही.

इथे एक निर्णय मोठ्या चर्चेनंतर झाला. मसुदा विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्येच ठेवावा, नेट नसलं तरी चालेल, असा कंपनीचा प्रस्ताव होता. एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. पण कॅफेतला संगणक एकच असतो आणि त्यावर रांगेने मुलं बसतात. पहिल्याचा आधार आणि खातं क्रमांक दुसऱ्याला तयार भरलेला दिसला तर? मसुदा सर्व्हरवर, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकूनच उघडणार, असं ठरलं. नेट गेलं तर शेवटचं काही लिहिलेलं जाऊ शकतं. ती किंमत आम्ही समजून पत्करली.

पडद्यावरचं ऐकून अर्ज भरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लाल ओळ रकान्याशी जोडली आणि रकान्यावर 'चुकीचा' ही खूण लावली, म्हणजे रकान्यात परत आल्यावर चूक ऐकू येते. केवळ लाल कडेचा त्यांना काही उपयोग नव्हता.

निकाल

पुढच्या हंगामात मॅडमच्या वहीतून 'परत दाबून बघ' नाहीसं झालं. अलर्टचा फेरा आणि गावाची पळणारी यादी या तक्रारीही आल्या नाहीत. छाननीत आयएफएससीच्या चुका परत वाढतील ही सरांची भीती खरी ठरली नाही, कारण चूक अजूनही रकान्यावरच दिसते, फक्त माणसाला धरून ठेवत नाही.

सगळंच सुटलं असं नाही. बरोबर आकाराचा पण दुसऱ्याच कोणाचा खातं क्रमांक कुठलीही ब्लर-तपासणी पकडू शकत नाही. पासबुकाच्या फोटोशी ताडून पाहणं सरांना अजूनही हातानेच करावं लागतं. आणि पिनकोड सोडल्यावर जिल्हा आपोआप भरण्याची सोय काही मुलांना खटकली. त्यांनी आधीच लिहिलेलं बदललं जायचं. आता रिकामा असेल तरच जिल्हा भरला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीने चाचणीसाठी चुकीच्या माहितीची यादी सुरुवातीलाच केली असती तर बटण हलण्याचा दोष पहिल्या आठवड्यात सापडला असता. चूक करणं, ती सुधारणं आणि लगेच बटण दाबणं, हा क्रम माउसने, टॅबने आणि बोटाने असा तीनदा करून पाहायला अर्धा तास पुरतो.

ब्राउझरमध्ये 'यूजर-इनव्हॅलिड' ही सीएसएसची (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेची) सोय २०२३ च्या अखेरीपर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली. माणसाने रकान्याला हात लावल्यानंतरच ती चूक दाखवते, म्हणजे आम्ही हाताने लिहिलेल्या नियमांपैकी पहिले दोन तिथे तयार मिळतात. कॅफेतले जुने ब्राउझर पाहून आम्ही ती टाळली. नवा अर्ज आज सुरू करणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

'खाते क्रमांक पुन्हा लिहा' हा रकाना मी काढायला सुचवला होता. मुलं पहिल्यातलाच क्रमांक कॉपी करून दुसऱ्यात चिकटवतात, त्यामुळे तपासणी नावापुरती उरते. आणि चिकटवणं बंद केलं तर ज्याने बँकेच्या ॲपमधून क्रमांक बिनचूक आणला त्यालाच तो हाताने लिहावा लागतो. सरांना तो रकाना हवाच आहे. सध्या तो आहे, चिकटवण्याची मुभा आहे आणि दोन्ही रकान्यांत काही लिहिलेलं असेल तेव्हाच तुलना होते. पुढच्या हंगामाआधी पासबुकाचा फोटो आधी आणि खातं क्रमांक नंतर असा क्रम करून पाहायचं ठरलं आहे, म्हणजे क्रमांक लिहिताना फोटो त्याच पानावर समोर राहील आणि बघायला ॲप सोडून जावं लागणार नाही.